चूर्ण सुनेला, तपासणी कुणाची?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

गेल्या शनिवारच्या आपल्या पुरवणीत अपत्यप्राप्तीसाठी उपयुक्त वनस्पतींवर पानभर लेख आला होता. शतावरी, अशोक, अश्वगंधा, निर्गुडी, नागकेशर, लक्ष्मणा आणि शिवलिंगीचं बी, अशी यादी. प्रत्येकीपुढे 'चमचाभर चूर्ण कोमट दुधातून, सलग तीन महिने'. शेवटी 'निसर्गाचीच देणगी असल्याने अपाय नाही' हे वाक्य. लेखाच्या पायाशी एक जाहिरातीची चौकट: 'निराश दांपत्यांनो, हमखास गुण, घरपोच पार्सल', आणि मोबाईल नंबर.

मी मिरजेत काष्ठौषधींचं दुकान चालवते. सासऱ्यांनी थाटलं, यजमानांनी वाढवलं, आता गल्ल्यावर मी बसते. सांगलीच्या कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकले होते, त्याचा उपयोग लग्नानंतर असा झाला. अशा लेखांनी आमचा धंदा वाढतो, हे आधीच सांगून टाकते. तरी लिहिते आहे, कारण त्या पानाचं कात्रण घेऊन बायका दुकानात येताहेत आणि त्यांना ज्या गोष्टी आधी कळायला हव्या होत्या, त्यांतली एकही त्या पानावर नव्हती.

मिरज दवाखान्यांचं गाव. अथणी, कुडची, रायबागकडून, इकडे जत, कवठेमहांकाळकडून माणसं तपासणीला येतात आणि परतीच्या गाडीला वेळ असला की बाजारात वळतात. मूल हवं म्हणून आलेली बाई आमच्याकडे लगेच ओळखू येते. बाकीची गिऱ्हाइकं जाईपर्यंत ती डिंक-खारकेच्या बरण्या बघत उभी राहते. मग चिठ्ठी पुढे येते, हल्ली चिठ्ठीऐवजी मोबाईल. बोलते ती बरोबरची सासू, नाहीतर नणंद. जिने ते औषध घ्यायचं तिचा आवाज क्वचितच कानावर पडतो. नवरा दुकानाची पायरीसुद्धा चढत नाही, बाहेर गाडीवर बसून असतो.

मी पुडी बांधायच्या आधी विचारते, दोघांच्या तपासण्या झाल्यात का? सासूबाईंचं उत्तर ठरलेलं. "अवो काकू, माझ्या लेकात काय खोट असणार? तालमीत कसलेला गडी हाय."

दंड किती भरलेत यावरून शुक्रजंतू मोजता येत नाहीत. उलट अंग लवकर भरावं म्हणून जिममध्ये जी इंजेक्शनं टोचून घेतात, त्यांतल्या हार्मोनमुळे शुक्रजंतू तयार होणं मंदावतं, कधी पार थांबतं. मूल न होणाऱ्या जोडप्यांपैकी निम्म्याच्या आसपास ठिकाणी पुरुषाकडे काही ना काही कारण सापडतं, कधी त्याच्या एकट्याकडे, कधी दोघांकडे. त्याची तपासणी किती साधी! दोन ते सात दिवस संबंध टाळून नमुना लॅबमध्ये द्यायचा. बाईच्या गर्भाशयाच्या नळ्या मोकळ्या आहेत का हे बघताना तिला जे सोसावं लागतं, त्यापुढे हे काहीच नाही. पण घरोघरी आधी सुनेला चूर्ण, मग सुनेला काढा, मग सुनेची सोनोग्राफी, मग सुनेची दुर्बीण, आणि तिच्यात काहीच सापडलं नाही की नाइलाजाने मुलाचा रिपोर्ट.

हे सगळं परंपरेच्या नावावर चालतं म्हणून मला जास्त राग येतो. सुश्रुतसंहितेत गर्भ राहायला ऋतू, क्षेत्र, अंबू आणि बीज ही चारही लागतात असं स्पष्ट सांगितलंय. अंकुर फुटायला हंगाम, जमीन, पाणी आणि बियाणं लागतं तसं. नुसती जमीन तपासून भागत नाही, बियाणंही बघावं लागतं. उसाचं बेणं पारखून आणणाऱ्या सासऱ्यांना हे एकदा सांगितलं की पटतं. सासूबाईंना जड जातं.

तुमच्या यादीतल्या अश्वगंधेचं तर नवलच आहे. मूल होण्याच्या संदर्भात तिच्या माणसांवर ज्या लहान-लहान चाचण्या झाल्या, त्यांत गुण दिसला तो पुरुषांच्या शुक्रजंतूंची संख्या आणि हालचाल यांत. लेखात ती दिलीय बायकांना! तिने थायरॉईडचं हार्मोन वाढू शकतं, यकृताला त्रास झाल्याच्या नोंदी आहेत, आणि डेन्मार्कने २०२३ मध्ये खाद्यपूरकांत तिच्यावर बंदी घातली. दुकानात येणाऱ्या कितीतरी सुनांना थायरॉईडची गोळी आधीच चालू असते. ते विचारायचं कुणी?

आता वेळेबद्दल. 'सलग तीन महिने' झाले की आणखी तीन, मग दुसरं चूर्ण, मग कुणीतरी सांगितलेला तिसरा पत्ता. वर्षभर प्रयत्न करूनही दिवस गेले नाहीत तर दोघांनी तपासून घ्यावं, आणि बाईने पस्तिशी ओलांडली असेल तर सहा महिन्यांतच, असा डॉक्टरांचा साधा नियम आहे, कारण त्या वयानंतर स्त्रीबीजांची संख्या आणि प्रत भराभर उतरते. आपल्या देशात नळ्या बंद होण्यामागे अनेकदा जननेंद्रियांचा क्षय निघतो. या क्षयात खोकला असेलच असं नाही. पाळी थोडी कमी जाते, कधी तेवढंही लक्षण नसतं. अशा बाईला शतावरी दिली तर शतावरी बिचारी काय करणार? क्षयाची औषधं सरकारी दवाखान्यात फुकट मिळतात, पण आधी क्षय आहे हे कळायला हवं. आणि वेळेवर कळलं नाही तर बंद झालेली नळी औषधानेही उघडेल याचा भरवसा नाही.

एवढं सगळं बाजूला ठेवून, तपासण्या झाल्यात, वैद्यांनी सांगितलंय, असं धरू. तरी पुडीत काय आहे हा प्रश्न उरतोच, आणि इथे मी दुकानदार म्हणून बोलते.

अशोकाची साल म्हणजे सीता अशोकाची, ज्याला केशरी-लाल फुलांचे गुच्छ येतात. बंगल्यांच्या कुंपणाला आणि शाळेच्या मैदानाकडेला उंच सरळ वाढलेला असतो तो खोटा अशोक, त्याचा याच्याशी नात्याचाही संबंध नाही. पण त्याची साल फुकटात मिळते आणि 'अशोक' म्हणून पोत्याने विकली जाते. खरा अशोक सालीसाठी इतका सोलला गेला की जागतिक यादीत त्याची नोंद आता धोक्यातल्या झाडांत होते. बरं, खरी साल मिळाली तरी ती कशासाठी? परंपरेने अशोक दिला जातो अंगावरून फार जात असेल तर, रक्तस्राव आवरण्यासाठी. आणि माझ्याकडे अशोकारिष्टाची बाटली मागायला येतात त्यांतल्या निम्म्या मुलींची तक्रार नेमकी उलटी असते. दोन-दोन महिने पाळी येत नाही, हनुवटीवर केस, वजन वाढलेलं. त्यांना गरज असते ती बीजकोशांच्या तपासणीची. 'पाळीचं औषध' एवढंच ऐकून आणलेली बाटली तिथे काय कामाची?

नागकेशर हा तर वेगळाच गोंधळ. खरं नागकेशर म्हणजे नागचाफ्याचे पिवळे पुंकेसर. ते महाग. बाजारात 'तांबडं नागकेशर' म्हणून येतात ते बहुधा कोकणातल्या सुरंगीचे वाळलेले कळे, आणि 'काळं नागकेशर' म्हणजे दालचिनीच्या भावकीतल्या झाडांची कोवळी फळं, जी आपण मसाल्यात घालतो. तीन वेगळी झाडं, नाव एक. मसाल्यात चूक झाली तर आमटीची चव बदलते. इथे ते पोटात जाणार आहे ते दिवस राहावेत म्हणून.

लक्ष्मणा मागितली की मी सरळ 'नाही' म्हणते. जुन्या ग्रंथांतली लक्ष्मणा नेमकी कोणती, यावर जाणत्यांचंच एकमत नाही. केरळात एक वेल त्या नावाने देतात, कुणी पांढऱ्या फुलाच्या रिंगणीला लक्ष्मणा म्हणतं, कुणी आणखी तिसऱ्याच मुळीला. ज्या मालाची ओळखच पटत नाही त्याची मात्रा कुठल्या आधारावर सांगायची? लेखात मात्र ती चक्क ग्रॅममध्ये दिलीय.

निर्गुडीचं मला हसूच आलं. भूमध्य समुद्राकडच्या देशांत तिची एक बहीण आहे, व्हायटेक्स आग्नस-कास्टस. तिच्या फळांमुळे प्रोलॅक्टिन हे हार्मोन थोडं उतरतं असं काही चाचण्यांत दिसलं, म्हणून तिकडे ती पाळीच्या तक्रारींवर विकतात. इंटरनेटवर 'व्हायटेक्स' वाचून कुणीतरी आपल्या बांधावरची निर्गुडी तिच्या जागी बसवली. आपली निर्गुडी सांधे शेकायला उत्तम. कूळ एक म्हणून गुण एक होत नाहीत, हे कुठल्याही सासरी गेलेल्या मुलीला सांगावं लागत नाही.

राहिली शतावरी. ती मी विकते, मनापासून विकते, बाळंतिणीला दूध यावं म्हणून. तिच्यावरचं बहुतेक काम प्रयोगशाळेतल्या उंदरांवर आणि दुधाच्या बाबतीत झालेलं आहे. 'मूल होतं' हा तिच्या नावावरचा दावा त्या मानाने फार मोठा आहे.

'निसर्गाची देणगी, म्हणून अपाय नाही' या वाक्याने मात्र मी थक्क झाले. वनस्पतीत ताकद नाही असं म्हणणाऱ्यांतली मी नाही, दुकानच त्यावर चालतं. ताकद आहे म्हणून तर जपायचं. कुटुंबनियोजनाच्या पहिल्या गोळ्यांचा कच्चा माल कुठून आला? मेक्सिकोतल्या रानकंदांतून. त्यांतल्या डायोस्जेनिन नावाच्या द्रव्यापासून १९४०च्या दशकात हार्मोन बनवता आलं आणि पुढे गोळी. तेच द्रव्य मेथीच्या दाण्यातही थोडं असतं (म्हणून कुणी मेथीची भाजी सोडू नका, आहारातलं प्रमाण वेगळं). पश्चिम ऑस्ट्रेलियात त्याच दशकात एका जातीच्या क्लोव्हरवर, म्हणजे आपल्या लसूणघासाच्या भावकीतल्या चाऱ्यावर, वाढणाऱ्या मेंढ्या गाभण राहीनाशा झाल्या. त्या पाल्यातलं द्रव्य मेंढीच्या पोटात गेल्यावर स्त्री-हार्मोनसारखं वागत होतं. जत-आटपाडीकडच्या धनगरांना मी हे सांगते तेव्हा ते मान डोलावतात. कुठल्या पाल्याने जनावर बिघडतं हे त्यांना शिकवावं लागत नाही.

आमच्याच फळीवर बघा. तान्ह्या बाळाच्या पाण्यात घालतात ते वावडिंग, खोकल्यावरची पिंपळी आणि टाकणखार, हे तीन समभाग घेऊन केलेला योग जुन्या आयुर्वेदात दिवस राहू नयेत म्हणून सांगितलाय, आणि सरकारी संशोधन संस्थांनी त्यावर काम केलंय. जास्वंदीच्या फुलांचा बेंझिनमध्ये काढलेला अर्क उंदरीणींना दिल्यावर गर्भ रुजत नाही, असं वाराणसीच्या प्रयोगांत १९७०च्या दशकात दिसलं. पपईचंही तसंच. पिकलेल्या पपईने उंदरीणींना काही झालं नाही, पण कच्च्या पपईच्या चिकाने गर्भाशय आकुंचन पावलं. म्हणजे एकच झाड, एकच फळ, पण कच्चं-पिकलं यात एवढा फरक. म्हणून गणपतीला वाहिलेल्या जास्वंदीला कुणी घाबरायचं कारण नाही. पण 'झाडपाला आहे, काय होतंय' म्हणत दोन-तीन पुड्या एकत्र कालवून घेणाऱ्या बाईला थांबवायलाच हवं.

आता शिवलिंगीचं बी. हे मी दुकानात ठेवत नाही, मागितलं तरी आणून देत नाही. लेखात ते 'संततीसाठी' असं मोघम लिहिलंय, पण घेणाऱ्यांना त्यातून काय हवं असतं ते गल्ल्यावर बसणाऱ्याला विचारा. मुलगा! २०१५ साली राज्यसभेत एका खासदारांनी अशाच दुसऱ्या, 'पुत्रजीवक' नावाच्या बियांचं पाकीट दाखवून प्रश्न विचारला होता. ते विकणाऱ्या कंपनीचं म्हणणं, ते झाडाचं नाव आहे. नाव झाडाचं आहे हे खरंच, घेणाऱ्याची इच्छा मात्र त्या झाडाला ठाऊक नाही. हरियाणात गरोदर बायकांना मुलगा व्हावा म्हणून शिवलिंगी, मायफळ, नागकेशर असलेली औषधं दिवस राहिल्यानंतर, दुसऱ्या-तिसऱ्या महिन्यात देण्याची रीत आहे. गर्भाचं लिंग तोवर ठरून गेलेलं असतं, ते तर गर्भ राहतानाच ठरतं, आणि ठरतं पुरुषाच्या बीजावर. त्या महिन्यांत गर्भात बनत असतात हृदय, मेंदू, हातपाय. नेमकं तेव्हाच हार्मोनसारखं वागणारी द्रव्यं आईच्या पोटात जातात. २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या तिथल्या अभ्यासांत, अशी औषधं घेतलेल्या बायकांत मृत बाळ जन्मण्याचा धोका दुपटीहून जास्त निघाला, आणि जन्मतः व्यंग असलेल्या बाळांचं प्रमाणही वाढलेलं दिसलं. मुलगा मागताना मूलच जातं. याला मी औषध म्हणत नाही.

चूर्ण-गोळीत वनस्पतीखेरीज काय असतं तोही प्रश्न आहेच. २०१२ साली अमेरिकेतल्या रोगनियंत्रण संस्थेने न्यूयॉर्कमधल्या सहा गरोदर बायकांची हकीकत छापली. भारतातून आणलेल्या आयुर्वेदिक गोळ्या घेतल्याने त्यांच्या रक्तात डेसिलिटरमागे १६ ते ६४ मायक्रोग्रॅमपर्यंत शिसं सापडलं होतं. तिथे तेव्हा पाचच्या वर गेलं की गरोदर बाईकडे लक्ष द्यायचा दंडक होता. शिसं हाडांत साठून राहतं आणि नाळेतून बाळाकडे जातं. 'घरपोच पार्सल'वाल्या पुडीवर ना घटकांची यादी, ना परवाना क्रमांक, ना बनवणाऱ्याचा पत्ता. ती उघडून मलाही सांगता येणार नाही आत काय आहे, आणि माझा जन्म या बरण्यांत गेला.

जाणत्या वैद्यांवर माझा रोख नाही. आमच्याकडे ज्यांच्या चिठ्ठ्या येतात ते नाडी बघतात, पाळीचा सगळा इतिहास विचारतात, आणि सोनोग्राफीचा कागद बघितल्याशिवाय फलघृताचं, म्हणजे गर्भ राहावा म्हणून देतात त्या औषधी तुपाचं, नावही काढत नाहीत. अशा वैद्यांची चिठ्ठी असली की मी निर्धास्तपणे माल देते. तक्रार आहे ती चिठ्ठीवाचून चाललेल्या कारभाराची. आणि थोडी दवाखान्यातल्या डॉक्टरांचीही. बाई घरचं चूर्ण घेते असं कळताच ते खेकसतात, मग ती पुढच्या वेळी सांगतच नाही. मला दुकानात हे रोज ऐकू येतं: "काकू, डॉक्टरला सांगू नगा हां." डॉक्टरांनी रागावण्याऐवजी फक्त 'पुडी घेऊन या, बघू' एवढं म्हटलं तरी अर्धं काम होईल.

संपादक महाशय, आता तुमच्याकडचं. १९५४चा औषधे आणि जादूचे उपाय (आक्षेपार्ह जाहिराती) कायदा आहे. त्याच्या परिशिष्टात ज्या ५४ रोगांवर उपाय असल्याची जाहिरात करायला मनाई आहे, त्यांत स्त्रियांचं वंध्यत्व स्पष्ट लिहिलेलं आहे. मनाई जाहिरात देणाऱ्यापुरती नाही, ती छापण्यात भाग घेणाऱ्यालाही आहे. पहिल्या गुन्ह्याला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दंड, किंवा दोन्ही. मुलगाच होईल असं सुचवणारी जाहिरात असेल तर १९९४चा लिंगनिवड प्रतिबंधक कायदाही लागतो. तुमच्या जाहिरात विभागात हे परिशिष्ट कुणाच्या तरी टेबलाच्या काचेखाली असायला हरकत नाही. ती चौकट पुन्हा दिसली तर मी कात्रण अन्न व औषध प्रशासनाकडे देणार आहे, हे आधीच कळवते.

आणि लेख छापायचेच असतील, जरूर छापा, लोकांना झाडं कळायला हवीत, तर झाडाचं शास्त्रीय नाव देवनागरीत द्या, फुलापानांचा फोटो द्या, कुणी घेऊ नये ते लिहा. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२३च्या अहवालाप्रमाणे सहा प्रौढांपैकी एकाला आयुष्यात कधी ना कधी मूल न होण्याच्या अडचणीला तोंड द्यावं लागतं. म्हणजे तुमच्या प्रत्येक गल्लीत हा लेख वाचणारं घर आहे. त्या घरातल्या पुरुषासाठी एक तरी ओळ हवी होती.

पत्र लांबलंय. जागेअभावी कापावं लागलं तर माझं दुकान, तालमीतला गडी, नागकेशर सगळं कापा, पण एवढं राहू द्या: पाळी चुकली की त्या दिवसापासून कुठलंही चूर्ण बंद करायचं, आणि उरलेली पुडी टाकून न देता डॉक्टरांना नेऊन दाखवायची.

कळावे,
एक काष्ठौषधी विक्रेती, मिरज
(नाव-पत्ता आपल्या माहितीसाठी वेगळा जोडला आहे. छापू नये, गिऱ्हाइकांत ओळखीच्या बायका पुष्कळ आहेत.)